गृहविज्ञानातले घर कुणाचे?

आपल्या चळवळीने शिक्षणावर पुष्कळ विचार केला. शिक्षण कुणाला मिळाले, कुणाला नाकारले, याचा हिशेब आपण सतत मांडत आलो. परंतु कोणत्या विषयाचे शिक्षण, हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. कायदा, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र हे आपले विषय आहेत असे आपण धरून चालतो. ‘गृहविज्ञान’ हे नाव निघाले की आपले कार्यकर्ते हसतात. भाकरी थापायला विद्यापीठ कशाला, असे म्हणतात. माझ्याही तोंडावर हे अनेकदा म्हटले गेले आहे, कारण माझी पदवी याच विषयाची आहे.

मी इंदापूर तालुक्यातली. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडचे आमचे गाव. आई मजूर, आजी मजूर. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. पुढे मी समाजशास्त्राकडे वळले आणि आज बारामती परिसरात ‘विवाह, कुटुंब व नातेसंबंध’ हा भाग शिकवते. पण ज्या विषयाने मला पहिल्यांदा विद्यापीठात नेले, त्याचा हिशेब माझ्याकडून राहिला होता. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात आम्हांला आपापल्या स्वयंपाकघराचा आराखडा काढायला सांगितला होता. शेगडी, पाण्याची जागा आणि साठवणीची जागा यांना रेषांनी जोडले की जो त्रिकोण होतो, तो जितका आटोपशीर तितके बाईचे श्रम वाचतात, असा तो धडा. कामातल्या हालचालींचा असा अभ्यास अमेरिकेत लिलियन गिल्ब्रेथ या अभियंता बाईंनी १९२०च्या दशकात स्वयंपाकघरात आणला. मी आमची चूल काढली, पिठाचा डबा काढला. पाण्याचे टोक मात्र कागदावर मावेना. पाणी कालव्यावर होते आणि कालव्याला पाळी नसेल तेव्हा पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर. मी रेषा कागदाच्या काठापर्यंत नेली आणि बाण करून लिहिले, ‘विहीर, इकडे’. वही परत आली तेव्हा तीवर शेरा होता : ‘आराखडा अपूर्ण. गुण वजा.’ त्या बाईंना मी दोष देत नाही. त्यांच्या पुस्तकात पाणी घरातच होते. प्रश्न असा आहे की, ते पुस्तकातले घर आले कुठून?

गृहविज्ञानाचा जन्म हसण्यासारखा नाही. एलेन स्वॉलो रिचर्ड्‌स या अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ. मॅसॅच्युसेट्‌स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. पाण्याच्या शुद्धतेची तपासणी हे त्यांचे महत्त्वाचे काम होते. विज्ञानाची दारे स्त्रियांना बंद होती, तेव्हा घराच्या दारातून विज्ञानात शिरण्याची वाट त्यांनी शोधली. १८९९ साली लेक प्लॅसिड येथे त्यांच्या पुढाकाराने परिषदा सुरू झाल्या आणि १९०९ साली या विषयाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. अन्न, पाणी, वस्त्र, निवारा यांचा शास्त्रीय अभ्यास हा त्यामागचा गाभा होता. अन्न, पाणी, वस्त्र, निवारा हेच तर आपल्याला नाकारले गेले होते!

महाराष्ट्रात हा विषय वेगळ्या वाटेने आला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. जपानमध्ये १९०१ साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची माहिती त्यांच्या वाचनात आली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ते सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून आणि घरकाम व आरोग्य हे विषय अभ्यासक्रमात, ही त्याची वैशिष्ट्ये होती. १९२० साली ठाकरसींची पंधरा लाखांची देणगी मिळाली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. पुढे दिल्लीत १९३२ साली लेडी आयर्विन कॉलेज निघाले आणि स्वातंत्र्यानंतर बडोद्याच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली.

कर्व्यांच्या कामाची थोरवी मी नाकारत नाही. केशवपन केलेल्या, माजघराच्या अंधारात कोंडलेल्या मुलींना त्यांनी बाहेर काढले. परंतु ते माजघर कुणाचे होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सक्तीचे वैधव्य ही उच्चवर्णीयांची रीत होती. आमच्या वस्तीत पाट लागत होता, मोहतूर होत होता. माझ्या आजीची थोरली बहीण दोनदा नांदायला गेली आणि तिला कुणी त्यासाठी नावे ठेवली नाहीत. म्हणजे ज्या कुटुंबाचे दुःख निवारण्यासाठी हे शिक्षण निघाले, ते महाराष्ट्रातल्या थोड्या लोकांचे कुटुंब होते. नवरा बाहेर कमावतो, बायको उंबऱ्याच्या आत राहते, हे त्याचे चित्र. तेच पुढे अभ्यासक्रमात ‘भारतीय कुटुंब’ म्हणून स्थिर झाले.

दुसरी वाट उपलब्ध नव्हती असे नाही. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावे, एकत्र द्यावे, असे आगरकर त्याआधीच सांगून गेले होते. आणि त्याही आधी, १८५५ साली, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मातंग मुलगी ‘ज्ञानोदया’त महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहीत होती. उघड्यावर बाळंत होणाऱ्या आपल्या बायांचे हाल तिने त्यात मांडले. घर, आरोग्य, बाळंतपण हे गृहविज्ञानाचेच विषय आहेत. मराठीतील गृहविज्ञानाचा इतिहास लिहायचा तर तो मुक्तेपासून का सुरू होऊ नये?

आता १९१६ या सालाकडे पुन्हा पाहावे. पुण्यात महिला विद्यापीठ सुरू झाले, त्याच वर्षी ९ मे रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि हे बंधन राखण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा उभ्या राहिल्या, असे बाबासाहेबांनी त्यात दाखवले. म्हणजे जातीचा कारखाना शेतात किंवा देवळातच चालतो असे नाही. तो घरात चालतो, बाईच्या देहावर पहारा ठेवून चालतो. एकाच वर्षी एका ठिकाणी घर नीट कसे चालवावे हे शिकवले जाऊ लागले आणि दुसऱ्या ठिकाणी घर कशासाठी चालवले जाते हे विचारले गेले. विद्यापीठांनी पहिला धडा उचलला. दुसरा धडा गृहविज्ञानाच्या वर्गात मला तीन वर्षांत एकदाही ऐकायला मिळाला नाही.

आमचे घर कसे होते? आजी सांगायची, “आमचं घर म्हंजी पाळी. पाळी आली की घरातली समदी गावाची.” येसकरकीची पाळी घराण्याकडे असे. ज्या घराण्याची पाळी त्याने वेशीवर राहायचे, सांगावा पोचवायचा, सरकारी माणसापुढे धावायचे, मेलेले जनावर ओढायचे आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. पुरुषाच्या नावाने वतन आणि राबणूक सगळ्या घराची, बायकापोरांसह. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. पण घर हेच राबणुकीचे एकक धरण्याची पद्धत संपली नाही.

बारामती-इंदापूरच्या उसाकडे पाहा. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागला आणि या कोरड्या मुलखात ऊस आला. वालचंदनगर, माळेगाव, भवानीनगर येथे कारखाने उभे राहिले. हंगामात दुष्काळी जिल्ह्यांतून टोळ्या येतात. तिथे मजूर माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतो नवरा. ती फेडण्यासाठी तोडणी, मोळी बांधणे, मोळी डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे यांत बायकोचा घाम असतो. पहाटे कोपीसमोर चूल पेटवणारी तीच आणि रात्री भांडी घासणारीही तीच. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. कुटुंब, आरोग्य, अर्थव्यवहार असे गृहविज्ञानाचे सगळे पाठ या एका कोपीत आहेत. पण पाठ्यपुस्तकाच्या घरात कोपी नाही.

या विषयाकडे अशी नजर मुळातच नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ साली घरातल्या उत्पादनावर ग्रंथ लिहिला. जे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येते ते उत्पादनच होय, मग ते घरात का केलेले असेना, अशी कसोटी त्यांनी दिली. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा मुले खाली बघतात.

इथे आपल्या घराबद्दलही बोलले पाहिजे. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आपल्या स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे कसे नेसावे, कोणते दागिने टाकावेत, मुलींनाही शाळेत का घालावे हे त्यांनी सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी स्वच्छता सांगितली, मुलांच्या लग्नाची घाई नको, फार मुले नकोत असे सांगितले आणि बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीची म्हणून उभे राहावे असे बजावले. माझ्या मते हे आपले पहिले गृहविज्ञानाचे वर्ग होते. हिंदू कोड बिल रखडले तेव्हा, १९५१ साली, त्यांनी मंत्रिपद सोडले. घराचा प्रश्न त्यांच्या लेखी राज्याच्या प्रश्नाहून लहान नव्हता.

पण आपण त्यातले सोयीचे तेवढे घेतले. पांढरी साडी घेतली, बरोबरी बाजूला ठेवली. नोकरी लागली, पक्के घर झाले, तसे ‘आमच्या बायका कामाला जात नाहीत’ हे आपल्याला भूषण वाटू लागले. ज्या माजघरातून कर्व्यांना मुली बाहेर काढाव्या लागल्या, ते माजघर आपण नव्याने बांधायला घेतले. नीरेपलीकडच्या फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहिले आणि ते लिखाण कित्येक वर्षे नवऱ्यापासून लपवून ठेवले, हे पुढे त्यांनीच मुलाखतीत सांगितले. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली सिद्ध केले, तेव्हा आपल्याच चळवळीतल्या स्त्रिया आपल्याला नव्याने कळल्या. हे कशाचे लक्षण आहे, याचा विचार कार्यकर्त्यांनी करावा.

गेल्या जूनमध्ये एक कार्यकर्ते मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलीला हा विषय घ्यायचा होता. ते म्हणाले, “मॅडम, बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते काय भाकरी शिकायला?” मी त्यांना विचारले, “दादा, महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारचीच पाहणी सांगते. आपल्या वस्तीत किती जणींच्या, हे तुम्ही मोजलंय का?” ते गप्प बसले. मग मुलगीच म्हणाली, “आई सगळ्यांच्या मागनं जेवते. उरलं तर.”

हा विषय आपण सोडून देता कामा नये, तो ताब्यात घेतला पाहिजे. अलीकडे कृषी विद्यापीठांनी गृहविज्ञानाचे नाव ‘सामुदायिक विज्ञान’ केले आहे. नावाने घर बदलत नाही. समुदाय म्हणजे कोण, हे विचारायला आपली मुले-मुली तिथे बसली पाहिजेत. मुलगेही, कारण घर ही एकट्या बाईची जबाबदारी नव्हे. आहारशास्त्रात लोहाचे कोष्टक शिकवताना आपल्या बाया खात आल्या त्या चान्यांचा, शिजवलेल्या रक्ताचा उल्लेख झाला पाहिजे. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून महार-मांगांचे अन्न ग्रंथात आणले, ते अभ्यासक्रमात यायला काय हरकत आहे? कौटुंबिक अंदाजपत्रकाच्या पाठात पगाराबरोबर उचल आली पाहिजे. विवाहाच्या पाठात १९१६ चा तो निबंध आला पाहिजे.

मी सध्या एवढेच करते. पुस्तक उघडण्याआधी विद्यार्थ्यांना आपल्या घराचा एक दिवस लिहायला सांगते. आधी कोण उठते, पाणी कोण आणते, शेवटी कोण जेवते, मजुरी कुणाच्या हातात पडते. आराखडाही काढायला सांगते. कुणाचे पाणी कागदाबाहेर गेले तर दुसरा कागद जोडायला देते. त्याबद्दल गुण वजा करत नाही.