ब्रिटनमधील परिचर्या भत्ता आणि परावलंबी वृद्ध : एका हक्काचा इतिहास

वार्धक्यातील परावलंबन ही कुटुंबाची खाजगी बाब की शासनाची जबाबदारी, या प्रश्नाला ब्रिटनने १९७० नंतर दिलेले उत्तर म्हणजे 'अटेंडन्स अलाउन्स', अर्थात परिचर्या भत्ता. प्रस्तुत लेखात या भत्त्याच्या घडणीचा आणि त्यावरील दाव्यांच्या निमित्ताने झालेल्या न्यायालयीन अर्थनिर्णयांचा विचार केला आहे.

सतत शुश्रूषेची गरज असणाऱ्यास जादा रक्कम देण्याची कल्पना नवी नव्हती. युद्धात जायबंदी झालेले सैनिक आणि १९४६ च्या कायद्यानुसार औद्योगिक अपघातग्रस्त कामगार यांना असा भत्ता मिळत असे. (आपल्याकडील सेनादलांच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनात 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स' हे नाव आजही आढळते, ते याच परंपरेतून.) मात्र रणांगण वा कारखाना यांच्याशी संबंध नसलेली अपंग गृहिणी किंवा वृद्धा या व्यवस्थेच्या बाहेरच राहिली. १९६५ मध्ये मेगन डू बॉइसन आणि बेरिट मूर यांनी स्थापन केलेल्या 'डिसेबलमेंट इन्कम ग्रुप'ने नेमके हेच वैगुण्य चव्हाट्यावर आणले. मजूर पक्षाच्या शासनाने निवृत्तिवेतनविषयक व्यापक विधेयकात या भत्त्याची तरतूद केली. पण जून १९७० च्या निवडणुकीमुळे ते विधेयक बारगळले. नंतर आलेल्या हुजूर पक्षाच्या शासनाने त्याच वर्षी कायदा संमत केला आणि डिसेंबर १९७१ पासून भत्ता सुरू झाला. त्यासाठी विम्याची वर्गणी आवश्यक नव्हती आणि उत्पन्नाची चौकशीही होणार नव्हती. प्रारंभी दिवसा आणि रात्रीही मदत लागणाऱ्यांनाच तो मिळे. यांपैकी एकाच वेळी मदत लागणाऱ्यांसाठी कनिष्ठ दर १९७३ पासून आला.

खरा संघर्ष कायद्याच्या भाषेत दडलेला होता. 'शारीरिक क्रियांच्या संदर्भात' दुसऱ्या व्यक्तीकडून वारंवार लक्ष पुरवले जाण्याची गरज, अशी अट होती. मग स्वयंपाकाचे काय? ज्या वृद्धेला चुलीपुढे उभे राहता येत नाही, तिच्यासाठी कोणी अन्न शिजवणे हे 'लक्ष पुरवणे' होय की नव्हे? पॅकर खटल्यात लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायासनाने नकारार्थी उत्तर दिले आणि १९८४ मध्ये वुडलिंग खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनेही ते कायम केले. जेवणे ही शारीरिक क्रिया. स्वयंपाक हे घरकाम! तर्कदृष्ट्या हा भेद टिकतो, परंतु परावलंबी जीवनाच्या अनुभवाशी तो विसंगत आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पुढे १९९४ च्या मॅलिन्सन खटल्यात अंध व्यक्तीला अनोळखी ठिकाणी वाट दाखवणे हे 'पाहणे' या क्रियेशी निगडित मानून बहुमताने अर्थ काहीसा व्यापक करण्यात आला.

दावा करण्याच्या प्रक्रियेतही एक अंतर्विरोध आहे. निकष प्रत्यक्ष मिळणाऱ्या मदतीचा नसून गरजेचा आहे. म्हणजे एकटी राहणारी, कोणाचीही मदत नसलेली व्यक्तीही पात्र ठरते. परंतु ती गरज सामान्यतः सहा महिने टिकलेली असावी लागते, आणि अर्जात स्नान, शौच, वस्त्रे बदलणे यांतील असहायता अर्जदाराला सविस्तर मांडावी लागते. आयुष्यभर 'माझे मी करते' म्हणत आलेली स्वाभिमानी वृद्धा तसेच लिहून मोकळी झाली, तर तिचा हक्क कागदावरच दुर्बळ होतो.

शुश्रूषा करणाऱ्यांचा प्रश्न याच भत्त्याशी जोडलेला होता. १९७६ मध्ये सुरू झालेला स्वतंत्र 'इन्व्हॅलिड केअर अलाउन्स' मिळण्यासाठी रुग्णाला परिचर्या भत्ता मंजूर असणे आवश्यक होते. त्यातून पतीसह राहणाऱ्या विवाहित स्त्रियांना मात्र वगळण्यात आले. त्या घरीच असणार, हे गृहीत! आईच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांनी या तरतुदीस आव्हान दिले. २४ जून १९८६ रोजी युरोपीय न्यायालयाने ती भेदभावपूर्ण ठरवली. निकालाच्या आदल्याच दिवशी शासनाने माघार जाहीर केली होती.

१९९२ मध्ये वयाची भिंत अधिक ठळक झाली. पासष्टीच्या आत दावा करणाऱ्यांसाठी आलेल्या 'डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स'मध्ये शुश्रूषेबरोबर संचारासाठीही रक्कम होती. त्यानंतर अपंगत्व आलेल्यांना केवळ परिचर्या भत्ताच उरला. चौसष्टाव्या वर्षी पाय निकामी झाले तर संचाराचा हक्क, सहासष्टाव्या वर्षी झाले तर नाही. स्कॉटलंडमध्ये २२ एप्रिल २०२५ पासून सर्वत्र लागू झालेल्या 'पेन्शन एज डिसेबिलिटी पेमेंट'मध्येही संचाराचा घटक समाविष्ट करण्यात आलेला नाही.