आठ आणे, नऊ लाख डॉलर आणि मांडीचा एक स्नायू

मंडळी, आजच्या धाग्यात तेर नाही, नळदुर्ग नाही, ताम्रपट तर नाहीच. आज इतिहास शोधायचा आहे तो एका गोलंदाजाच्या शरीरात.

आपल्या धाराशिव जिल्ह्याचा खरा खेळ खो-खो. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे याच जिल्ह्यातली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तरीही आयपीएलचे दिवस आले की चहाच्या टपरीवर मुले मोबाईलमध्ये मान घालून अकरा जणांचा काल्पनिक संघ भरत बसत. भांडवल शंभर गुणांचे. प्रत्येक खेळाडूला किंमत लावलेली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला आणि त्यातला पैसा थांबला. वाद मात्र थांबला नाही. त्या वादात एक प्रश्न हटकून येतो : अमुक गोलंदाज पस्तिशीचा झाला, दुखापतीतून नुकताच उठला आहे, त्याला घ्यावा की सोडावा?

प्रश्न आजचा वाटतो, पण तो शतकाहून जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यातील गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये पळवणकर बाळू नावाचे एक तरुण महिना चार रुपये पगारावर कामाला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, जाळी बांधणे आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकणे, हे त्यांचे काम. चर्मकार समाजातील या तरुणाला क्लबमध्ये फलंदाजीची संधी कोणी देत नसे. कष्टाची बाजू तेवढी त्यांच्या वाट्याला. कॅप्टन ग्रेग हा तिथला सर्वांत नामांकित फलंदाज. बाळूंनी आपल्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यातला हिशेब नीट पाहा. एक बळी, आठ आणे. काल्पनिक संघाची गुणपद्धती याहून निराळी काय आहे?

हेच बाळू १९११ साली, पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात होते. वय पस्तिशीचे. बाकीचा संघ ढासळत असताना या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. बळी मोजता आले म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले. दिवसभर एका टोकाने षटके टाकून खांद्याने काय सोसले, याची नोंद कोणत्याही धावफलकात नाही.

ही न होणारी नोंद आपल्या काळात पाहायची असेल, तर बाळूंसारख्याच दुसऱ्या एका डावखुऱ्याकडे यावे लागते. तो मात्र वेगवान गोलंदाज.

झहीर खानचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा, श्रीरामपूरचा. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे, उसाच्या पट्ट्यातले गाव. आपल्या कळंब-उमरग्याच्या मुलाला अनोळखी वाटू नये असे. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. अभियांत्रिकी शिकायला म्हणून तो मुंबईला आला आणि सुधीर नाईक यांच्या नजरेखाली नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये गोलंदाजी करू लागला. पुढे चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन, रणजी करंडकात बडोद्याचा संघ आणि २००० च्या ऑक्टोबरमध्ये नैरोबीला भारताची टोपी. त्याच स्पर्धेत स्टीव्ह वॉचा त्रिफळा उडवणारा त्याचा यॉर्कर ज्यांनी पाहिला, ते आजही त्याविषयी बोलतात.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय क्रीजवर आपटतो, त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून अधिक भार येतो. हे दिवसातून शंभर-सव्वाशे वेळा. घोटा, गुडघा, मांडीच्या मागचा स्नायू, पाठीचा कणा आणि खांदा अशी ती एक साखळी आहे. एक कडी कुरकुरली की शेजारची कडी तिचे ओझे उचलते आणि थोड्याच दिवसांत तीही कुरकुरते. मांडीचा फाटलेला स्नायू भरून येतो खरा, पण भरलेली जागा मूळ स्नायूइतकी लवचीक राहत नाही. म्हणून तीच दुखापत पुन्हा पुन्हा होते आणि वय वाढले की लवकर होते. (आमच्याकडच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धांत यावर हळदीचा लेप आणि पुढच्या रविवारी पुन्हा नवा चेंडू, एवढाच उपचार असतो.)

झहीरच्या मांडीने पहिला मोठा इशारा दिला तो २००३ च्या डिसेंबरात. ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ९५ धावांत ५ बळी, आणि पुढच्याच अॅडलेड कसोटीत तो संघाबाहेर. त्यानंतरची दोन वर्षे उतरणीची. २००५ च्या अखेरीस भारतीय क्रिकेट मंडळाने त्याला करारपत्रात ‘ब’ श्रेणीतून ‘क’ श्रेणीत ढकलले. बाजाराने लावलेली ही पहिली लेखी घसरण, असे मी म्हणेन.

२००६ चा उन्हाळा त्याने इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून काढला. काउंटी क्रिकेट म्हणजे रोजचा रतीब : आज इथे चार दिवस, मग बसने दुसऱ्या गावी, पुन्हा चार दिवस. तिथे त्याने आपली धाव आखूड केली. हा बदल कागदावर क्षुल्लक दिसतो. पण आखूड धाव म्हणजे दर चेंडूमागे काही पावले वाचली, पाय आपटण्याचा जोर कमी झाला आणि दिवसाच्या शेवटच्या तासासाठी श्वास उरला. वेग थोडा गेला. चेंडूवरची हुकमत आली. त्या हंगामात त्याने प्रथम श्रेणीचे ७८ बळी घेतले, त्यांपैकी ९ एसेक्सविरुद्धच्या एकाच डावात. पुढच्या वर्षी ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याने ९ बळी मिळवले आणि भारताने इंग्लंडमधील मालिका १९८६ नंतर प्रथमच जिंकली. विस्डेनने २००८ साली त्याला वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये स्थान दिले.

इथे थोडे दूर, अमेरिकेत जाऊन यायला हवे. कारण झहीरचे पुढचे अस्त्र तिथल्या बेसबॉलमधून आले आहे. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात, आणि त्याचा खांदा व कोपर यांचे हाल आपल्या गोलंदाजांसारखेच. १९७४ साली टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी डॉक्टर फ्रँक जोब यांनी त्याच्याच हातातला कंडरा बसवला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. त्यानंतर तो १९८९ पर्यंत, वयाच्या ४६ व्या वर्षापर्यंत खेळला. ती शस्त्रक्रिया आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा नव्हे, युक्तीचा. बोटांच्या टोकांनी किंवा पेरांनी चेंडू असा धरायचा की सुटताना तो जवळजवळ फिरतच नाही. मग हवेत तो डळमळतो, खाली बसतो, फलंदाजाला चकवतो. याला ‘नकल बॉल’ म्हणतात. या चेंडूला जोर लागत नाही, म्हणून त्याच्या बळावर फिल नीक्रो ४८ वर्षांचा होईपर्यंत खेळला.

२०११ च्या विश्वचषकात बत्तिशीतला झहीर हाच चेंडू टाकत होता. हाताचा वेग तोच, पण बॅट पुढे आलेली असताना चेंडू मात्र अजून वाटेत. अहमदाबादच्या उपांत्यपूर्व सामन्यात मायकेल हसीचा त्रिफळा असाच गेला. स्पर्धेत त्याचे २१ बळी, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने सर्वाधिक.

अंतिम सामन्यातले त्याचे आकडे मात्र वेगळे बोलतात : १० षटके, ६० धावा, २ बळी. काल्पनिक संघात हे आकडे पाहून कोणीही नाक मुरडील. पण २ एप्रिलच्या त्या दुपारी वानखेडेवर त्याच्या पहिल्या ५ षटकांत ३ निर्धाव होती, धावा फक्त ६ आणि उपुल थरंगा बाद. श्रीलंकेची सुरुवात तिथेच गोठली. अखेरच्या षटकांतल्या माराने त्या पहिल्या स्पेलचा हिशेब झाकून टाकला, एवढेच.

त्याच वर्षीच्या लिलावात बंगळुरूने त्याच्यासाठी ९ लाख डॉलर मोजले होते. २००८ साली त्याच संघाने साडेचार लाख दिले होते. तीन वर्षांनी वयस्क झालेल्या, २००९ मध्ये खांद्याच्या दुखापतीतून गेलेल्या माणसाची किंमत दुप्पट झाली. तेव्हा बाजार नेहमीच आंधळा असतो असे नाही.

आणि मग लॉर्ड्स. २१ जुलै २०११. कसोटी क्रिकेटच्या इतिहासातला २००० वा सामना. भारत त्या वेळी जगातला अव्वल कसोटी संघ. धोनीने नाणेफेक जिंकून गोलंदाजी घेतली. झहीरने कुकला पायचीत केले, स्ट्रॉसला उंच फटक्यावर झेल द्यायला लावले. १३ षटके आणि ३ चेंडू टाकून झाले होते, त्यांत ८ निर्धाव, १८ धावा, २ बळी. तेवढ्यात त्याने मांडीमागे हात नेला आणि तो लंगडत मैदानाबाहेर गेला. त्या षटकाचे उरलेले चेंडू दुसऱ्याने टाकले.

मला या साऱ्या कथेत हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गुणपद्धतीने पाहिले तर त्याचा दिवस उत्तमच गेला होता : २ बळी, षटकामागे जेमतेम सव्वा धाव. पण त्याची किंमत दिसली ती तो गेल्यानंतर. इंग्लंडने ८ बाद ४७४ वर डाव सोडला, पीटरसन २०२ वर नाबाद. गोलंदाज इतके अपुरे पडले की धोनीने यष्टिरक्षणाचे पॅड उतरवून स्वतः चेंडू हातात घेतला आणि द्रविड यष्टींमागे उभा राहिला. सामना १९६ धावांनी गेला, मालिका ०-४ ने गेली, अव्वल स्थानही गेले. ओव्हलच्या शेवटच्या कसोटीत तर मूळ संघात नसलेल्या आर. पी. सिंगला बोलावून नवा चेंडू द्यावा लागला. संपूर्ण पराभवाचे खापर एका स्नायूवर फोडणे अन्यायाचे होईल. त्या दौऱ्यात फलंदाजीही द्रविडचा अपवाद वगळता कोसळली होती. तरी नवा चेंडू कोणत्या टोकाने, यष्टीच्या कोणत्या बाजूने आणि कोणासाठी कोणता क्षेत्ररक्षक, हे मिड-ऑफवर उभे राहून तरुणांना सांगणारा माणूस निघून गेला होता. या कामाला कोणतीही गुणपद्धती गुण देत नाही.

घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. वर्षअखेरीस तो मेलबर्नला पुन्हा धावत आला, पण आता धाव जड झाली होती. २०१२ च्या डिसेंबरात, इंग्लंडविरुद्धच्या कोलकाता कसोटीनंतर त्याला वगळण्यात आले. वय ३४. बहुतेकांनी मृत्युलेख मनात लिहून ठेवले.

२०१३ मध्ये तो युवराज सिंगबरोबर फ्रान्समधल्या ब्रीव्ह या गावी गेला आणि टिम एक्सिटर या प्रशिक्षकाच्या हाताखाली सुमारे सहा आठवडे शरीर घडवत राहिला. चेंडू नाही, प्रेक्षक नाहीत. धावणे, वजने, पुन्हा धावणे. वजन उतरले. डिसेंबरात जोहान्सबर्गला तो संघात परतला, पहिल्या डावात ४ बळी घेतले आणि दुसऱ्या डावात जॅक कॅलिसला पायचीत करून ३०० चा आकडा गाठला. कुंबळे, कपिल देव आणि हरभजन यांच्यानंतर तो चौथा भारतीय.

लिलावाचा बाजार तोवर त्याला विसरू लागला होता. २०१४ ला मुंबईने २.६ कोटी, २०१५ ला दिल्लीने ४ कोटी रुपये दिले. तो हंगामही दुखापतीने उशिरा सुरू झाला. रायपूरला चेन्नईविरुद्ध मात्र ३६ वर्षांच्या या माणसाने ४ षटकांत ९ धावा देऊन २ बळी घेतले. त्या दिवशी ज्यांनी त्याला आपल्या काल्पनिक संघात ठेवले असेल, ते विरळाच.

पण त्याची शेवटची कसोटी त्याआधीच, २०१४ च्या फेब्रुवारीत वेलिंग्टनला होऊन गेली होती. न्यूझीलंड दुसऱ्या डावात ५ बाद ९४ वर होते आणि विजय जवळ दिसत होता. तिथून ब्रेंडन मॅकलम आणि वॉटलिंग यांनी ३५२ धावांची भागी रचली. मॅकलमला आधीच जीवदान मिळालेले. दोन दिवस उन्हात, वाऱ्यात, सपाट झालेल्या खेळपट्टीवर झहीर टाकत राहिला. ३५ वर्षांचा, सारे काही एकेकदा मोडलेला तो डावखुरा त्या डावात ५१ षटके धावला. १७० धावा, ५ बळी. पाचव्या दिवशी सकाळी मॅकलमने त्रिशतक पूर्ण केले, प्रेक्षक उभे राहिले, आणि ३०२ वर धोनीने यष्टींमागे त्याचा झेल घेतला. गोलंदाज झहीर होता.