‘जाळून टाका’ म्हणणारा मित्र

मी १९८९ साली एका सरकारी कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो. आवक-जावकाचं टेबल मिळालं. आमच्या हेडक्लार्कना सगळे भाऊसाहेब म्हणत. त्यांनी पहिल्या दिवसापासून माझ्यावर माया केली. टिपणी कशी लिहायची, साहेबांसमोर किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांनीच शिकवलं. रमजानमध्ये चार वाजले की स्वतःहून म्हणायचे, "शेख, निघ आता. नाहीतर रोजा एसटीतच सोडावा लागेल."

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडलं, त्यानंतर मी एक लेख लिहिला. आमच्या गावातल्या हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी रात्री जागून शांतता कशी टिकवली आणि तरीही आमच्या घरांत भीती का येऊन बसली, एवढंच त्यात होतं. वर्तमानपत्राला पाठवण्याआधी तो भाऊसाहेबांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला.

"चांगलं लिहिलंयस. आता घरी जा आणि चुलीत टाक. छापून आलं की साहेबांच्या टेबलावर कात्रण येतं. कात्रणाची फाइल होते. गोपनीय अहवालात एक ओळ आली की बढती गेली. आणि शेख, तुझं तर..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. त्याची गरजही नव्हती.

मी लेख जाळला नाही, पण पाठवलाही नाही. तो ट्रंकेत गेला. मला बढती वेळेवर मिळाली. पुढे बरीच वर्षं मी हा सल्ला योग्यच होता असं मानत होतो. मग कधीतरी अल्ताफ हुसैन हाली यांनी लिहिलेलं सर सय्यद अहमद खान यांचं चरित्र, ‘हयात-ए-जावेद’, हाती आलं आणि त्यातल्या एका प्रसंगाशी मी अडखळलो.

सर सय्यद म्हटलं की आपल्याला अलीगढ आठवतं. पण अलीगढच्या आधी आणि नंतरही काही काळ हा माणूस नोकरदार होता. जन्म १८१७ चा, दिल्लीचा. घराण्याचा संबंध लाल किल्ल्याशी. १८३८ मध्ये वडील वारले आणि घरच्यांना पसंत नसताना त्यांनी कंपनी सरकारची चाकरी धरली. आग्र्याला नायब मुन्शी, मग मुन्सिफ, मग बिजनौरला सद्र अमीन, अशा एकेक पायऱ्या ते चढत गेले. १८५७ मध्ये बिजनौरमध्ये त्यांनी इंग्रज अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना वाचवलं. १८५८ मध्ये मुरादाबादला सद्र-उस-सुदूर म्हणून बढती झाली. हिंदी माणसाला न्यायखात्यात यापेक्षा फार वर जाता येत नसे. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचं तर त्यांचं ‘रेकॉर्ड’ स्वच्छ होतं.

आणि नेमक्या त्याच वेळी त्यांनी ‘असबाब-ए-बगावत-ए-हिंद’ लिहिलं. बंडाची कारणं सांगणारं हे छोटं पुस्तक १८५९ मध्ये आग्र्याला छापलं गेलं. प्रती पाचशे. इंग्रज तेव्हा या बंडाकडे एक कट म्हणून पाहत होते आणि त्याचा ठपका विशेषतः मुसलमानांवर ठेवत होते. सर सय्यद यांनी लिहिलं की बंडाचं मूळ सरकारच्या कारभारात आहे. कायदे करणाऱ्या कौन्सिलात एकही हिंदी माणूस नाही, त्यामुळे प्रजेच्या मनात काय चाललंय हे राज्यकर्त्यांना कळायची वाटच नाही. सरकार आपला धर्म बुडवणार अशी लोकांची समजूत झाली आणि ती दूर करायला मध्ये कोणी नव्हतं. सरकारी पगार घेणाऱ्या माणसाने हे स्वतःच्या नावावर लिहिलं होतं.

तेव्हा मुरादाबादला मुन्सिफ असलेले राय शंकर दास हे त्यांचे जिवलग मित्र. पदाने खालचे, पण त्याच खात्यातले. ते म्हणाले की या सगळ्या प्रती जाळून टाका, स्वतःचा जीव धोक्यात घालू नका.

हा प्रसंग वाचताना मला भाऊसाहेबांचा आवाज ऐकू आला.

शंकर दासांना भित्रा म्हणणं सोपं आहे. पण काळ बघा. ते दिल्ली कॉलेजचे गणिती मास्टर रामचंद्र यांचे धाकटे भाऊ. रामचंद्र १८५२ मध्ये ख्रिस्ती झाले होते. त्यांच्याबरोबर ख्रिस्ती झालेले डॉक्टर चिमनलाल १८५७ च्या मे महिन्यात दिल्लीत मारले गेले, रामचंद्र लपूनछपून निसटले. इंग्रजांनी दिल्ली परत घेतल्यावर ‘दिल्ली उर्दू अखबार’चे मौलवी मुहम्मद बाकर यांना ठार केलं. ‘आसार-उस-सनादीद’ या दिल्लीच्या इमारतींवरच्या ग्रंथासाठी सर सय्यद यांना मदत करणारे इमाम बख्श सहबाई गोळ्यांना बळी पडले. खुद्द सर सय्यद यांची आई तबेल्यात लपून, तहानेने व्याकूळ अवस्थेत सापडली आणि मेरठला नेल्यावर थोड्याच काळात गेली. दोन्ही बाजूंची कत्तल जवळून पाहिलेल्या माणसाने दिलेला तो सल्ला होता. त्यात स्वार्थ नव्हता.

सर सय्यद यांचं उत्तर हालींनी नोंदवलंय. त्याचा आशय असा, की या गोष्टी सरकारपुढे मांडण्यात देशाचं, लोकांचं आणि सरकारचंही भलं आहे. त्यापायी माझं काही वाईट झालं तर मला ते मान्य आहे. मग त्यांनी दोन रकात नफ्ल नमाज अदा केली, दुआ मागितली आणि जवळजवळ सगळ्या प्रती इंग्लंडला रवाना केल्या. एक प्रत हिंदुस्थान सरकारला पाठवली. थोड्या स्वतःजवळ ठेवल्या. बाजारात एकही आणली नाही.

हे शेवटचं वाक्य मी पहिल्या वाचनात ओलांडून गेलो होतो. शंकर दासांच्या सल्ल्यातली भीती सर सय्यद यांनी खरी मानली होती. बंडानंतरच्या तापलेल्या हवेत पुस्तक गावोगाव गेलं तर त्याला चिथावणी म्हटलं जाईल, हे त्यांना कळत होतं. म्हणून ज्यांनी वाचायला हवं त्यांच्याच हाती ते दिलं. मित्राने दाखवलेला धोका त्यांनी स्वीकारला, मित्राने सुचवलेला उपाय नाकारला.

पुढे तसंच झालं. परराष्ट्र सचिव सेसिल बीडन यांनी पुस्तक राजद्रोही ठरवून कारवाईची मागणी केली. गव्हर्नर जनरल कॅनिंग आणि कौन्सिलचे सदस्य बार्टल फ्रिअर यांना मात्र त्यात चांगला हेतू दिसला. हेच फ्रिअर पुढे १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. बीडन समोरासमोर आले तेव्हा सर सय्यद यांनी पैज लावली, की माझ्याजवळच्या आणि सरकारच्या प्रतींखेरीज हिंदुस्थानात एक प्रत दाखवा, हजार रुपये देतो. बीडन यांचा राग निवळला. नोकरी गेली नाही. १८७६ मध्ये ते रीतसर निवृत्त झाले. दरम्यान १८६१ च्या कायद्याने कौन्सिलात हिंदी माणसं घेण्याची वाट उघडली. पहिल्या तिघांत आपले देवरुखचे, ग्वाल्हेरचे दिवाण दिनकरराव राजवाडे होते. हे एका पुस्तकामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण १८७८ मध्ये स्वतः सर सय्यद व्हाइसरॉयच्या त्याच कौन्सिलात बसले.

गोष्ट इथे संपली असती तर ती शाळेच्या पुस्तकातली झाली असती. डिसेंबर १८८७ मध्ये सत्तरीचे सर सय्यद लखनौच्या सभेत उभे राहिले आणि त्यांनी मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहायला सांगितलं. त्याच दिवसांत मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं आणि अध्यक्ष होते मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी, अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक. दोघांत पत्रव्यवहार झाला. तय्यबजींचं म्हणणं असं, की मुसलमानांना बाधक ठराव आला तर आत राहून विरोध करावा. एखाद्या विषयाला हिंदू किंवा मुसलमान प्रतिनिधींचा एकजुटीने विरोध असेल तर तो घेऊ नये, असा नियम काँग्रेसने १८८८ च्या अधिवेशनात केला. सर सय्यद यांच्या आग्रहामागे इतर कारणंही होती, पण १८५७ ची दिल्ली त्यांच्या मनातून गेली नव्हती असं मला वाटतं. मुरादाबादला मित्राची भीती ओळखणारा माणूस म्हातारपणी स्वतःच्या भीतीला शहाणपण समजू लागला होता.

भाऊसाहेब निवृत्तीनंतर एकदा भेटले. विचारलं, "तो कागद जाळलास ना?" मी हो म्हणालो. ते आता नाहीत. त्यांचं चुकलं, असं मी आज म्हणू शकतो, पण त्यांनी मला वाचवायचा प्रयत्न केला हेही खरं. पाठवण्याची दुसरी काही रीत आहे का, हे शोधायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेतल्या एका मुलीने मला तिचा लेख दाखवला. बदलीच्या गावी, नाव ऐकून भाड्याची खोली कशी नाकारली गेली, त्याबद्दल होता. "शेख सर, पाठवू का?" भाऊसाहेबांचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं. तिच्यासमोर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ ठेवले. कोणत्या लेखनाला परवानगी लागते ते दोघांनी बसून वाचलं. खात्याचा उल्लेख काढला, घरमालकाचं नाव काढलं, तारखा तपासल्या. बाकी एक शब्द बदलला नाही.

लेख छापून आला त्या सकाळी कचेरीचा जिना चढताना माझ्या पोटात गोळा आला होता. ती आपल्या टेबलावर बसून आवक टपाल नोंदवत होती. मला पाहून म्हणाली, "सर, तुम्ही वाचला का?"