जनतेचा कौल आणि विधिमंडळ : साउथ डकोटातील गांजाचे प्रकरण

१/ अमेरिकेतील साउथ डकोटा राज्याच्या मुद्रेवर ‘ईश्वराच्या छत्राखाली जनतेचे राज्य’ या अर्थाचे ब्रीदवाक्य आहे. ३ नोव्हेंबर २०२० रोजी याच जनतेने सुमारे ५४ टक्के मतांनी गांजा कायदेशीर करण्याचा कौल दिला. अवघ्या वर्षभरात तो कौल रद्दबातल ठरला. हे कसे घडले, त्याचा हा धागा. #थ्रेड #इतिहास

२/ या कथेचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस होतो. धान्य वाहून नेणाऱ्या रेल्वे कंपन्यांच्या दरांनी तेथील शेतकरी गांजले होते आणि विधिमंडळ या कंपन्यांच्या मुठीत आहे, अशी त्यांची भावना होती. अ‍ॅबरडीन येथील कॅथलिक धर्मगुरू रॉबर्ट हेअर यांनी त्यावर उपाय सुचवला : कायदा मांडण्याचा अधिकार थेट जनतेलाच द्यावा.

३/ १८९८ मध्ये मतदारांनी ही घटनादुरुस्ती स्वीकारली. पुरेशा सह्या गोळा केल्या की नागरिकांचा प्रस्ताव मतपत्रिकेवर येणार आणि बहुमत मिळाल्यास त्याचा कायदा होणार. असा अधिकार देणारे साउथ डकोटा हे अमेरिकेतील पहिले राज्य. १९७२ पासून थेट राज्यघटनेत दुरुस्ती सुचवण्याची मुभाही नागरिकांना मिळाली.

४/ मात्र या व्यवस्थेत एक फट होती. जनतेने संमत केलेला साधा कायदा विधिमंडळ साध्या बहुमताने बदलू किंवा रद्द करू शकते. कॅलिफोर्नियात असे करायचे तर सामान्यतः पुन्हा मतदारांचीच संमती लागते. साउथ डकोटात तशी अट नाही.

५/ २०१६ मध्ये मतदारांनी राजकीय देणग्या आणि भ्रष्टाचार यांना आळा घालणारा कायदा निसटत्या बहुमताने संमत केला. फेब्रुवारी २०१७ च्या आरंभी विधिमंडळाने तो रद्द केला. शिवाय रद्द करणाऱ्या विधेयकाला ‘तातडीचे’ कलम जोडले. त्यामुळे त्याविरुद्ध सार्वमत मागण्याचा मार्गही बंद झाला.

६/ हा धडा गांजाच्या समर्थकांनी लक्षात ठेवला. साधा कायदा केला तर आमदार तो मोडतील. म्हणून त्यांनी २०२० मध्ये थेट घटनादुरुस्ती मांडली. तीच ‘दुरुस्ती अ’. त्याच दिवशी वैद्यकीय गांजाचा वेगळा प्रस्ताव, साध्या कायद्याच्या रूपात, सुमारे ७० टक्के मतांनी संमत झाला.

७/ निकालानंतर एका परगण्याचे शेरीफ आणि राज्य महामार्ग पोलिसांचे प्रमुख न्यायालयात गेले. राज्यपाल क्रिस्टी नोएम यांचा या दाव्याला पाठिंबा होता. म्हणजे मतदारांच्या निर्णयाविरुद्धच्या दाव्यामागे खुद्द राज्याची कार्यकारी सत्ता उभी होती.

८/ आक्षेप होता ‘एक प्रस्ताव, एक विषय’ या नियमाचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने दुरुस्ती अवैध ठरवली. २४ नोव्हेंबर २०२१ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा तोच निर्णय कायम केला : प्रौढांसाठी गांजा, वैद्यकीय गांजा आणि औद्योगिक भांग-लागवड हे तीन विषय एकाच प्रश्नात बांधले गेले होते.

९/ येथे इतिहासाचा विलक्षण पेच दिसतो. हा एकविषयाचा नियम २०१८ मध्ये विधिमंडळाने मांडला होता. पण त्याला संमती दिली होती मतदारांनीच. जनतेचा एक कौल जनतेच्याच दुसऱ्या कौलाने पाडला. आमदारांच्या भीतीने समर्थक घटनादुरुस्तीकडे वळले आणि नेमका तोच मार्ग त्यांना नडला.

१०/ विधिमंडळाची बाजूही समजून घ्यायला हवी. विधेयकावर समितीत चर्चा होते, कलमे दुरुस्त होतात. मतपत्रिकेवरच्या मजकुराला मतदार फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकतो. त्यातील चूक मग कोणी सुधारायची? प्रश्न रास्त आहे. पण सुधारणा आणि मोडतोड यांतील सीमारेषा ठरवणारा जर स्वतःच पक्षकार असेल, तर विश्वास उरत नाही.

११/ साउथ डकोटा यात एकटे नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१६ मध्ये गांजाला मान्यता दिली. डिसेंबरच्या अखेरीस, मोजकेच सदस्य हजर असलेल्या अनौपचारिक बैठकीत, तेथील विधिमंडळाने दुकाने उघडण्याची मुदत सहा महिन्यांनी पुढे ढकलली. पुढे कराची कमाल मर्यादाही १२ वरून २० टक्क्यांवर नेली.

१२/ जून २०२२ मध्ये साउथ डकोटाच्या विधिमंडळाने आणखी एक पाऊल टाकले : कर वाढवणाऱ्या किंवा मोठा खर्च लादणाऱ्या प्रस्तावांना ६० टक्के मते लागावीत. सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी ते फेटाळले. पण नोव्हेंबर २०२२ आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये गांजाचा प्रस्ताव साध्या कायद्याच्या रूपात परत आला, तेव्हा त्याच मतदारांनी त्यालाही नकार दिला.

१३/ म्हणून या प्रकरणाकडे नुसते ‘जनता विरुद्ध आमदार’ म्हणून पाहणे अपुरे ठरेल. २०२० चा कौल खरा होता आणि २०२४ चाही. लोकमत बदलते, आणि ते बदलण्याचा हक्क लोकांचा असतो. रॉबर्ट हेअर यांच्या काळातील शेतकऱ्यांनी मागितले होते ते एवढेच : शेवटचा शब्द आपला असावा. सव्वाशे वर्षांनंतरही त्या राज्यात भांडण त्याच शब्दावरून चालू आहे. (समाप्त)