थोड्या प्रतींचं घराणं

आमच्या शाळेत दर वर्षी हस्तलिखित निघायचं. त्याची प्रत एकच असायची. सुवाच्य अक्षराच्या दोन मुली सगळ्यांचं लिखाण उतरवून काढायच्या, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ रंगवायचे, आणि आतल्या चित्रांचा रंग समोरच्या पानाला लागू नये म्हणून मध्ये बटर पेपर चिकटवलेला असायचा. शेवटची दहा-बारा पानं मुद्दाम कोरी ठेवलेली. त्यांच्यावर मथळा : ‘अभिप्राय’. गॅदरिंगला हे बाड टेबलावर मांडलं जाई. पाहुणे दोन मिनिटं चाळत आणि ‘उपक्रम स्तुत्य आहे’ असं लिहून झोकदार सही ठोकत. त्या स्तुत्य उपक्रमातलं एक पानही त्यांनी वाचलेलं नाही, हे आम्हांला तेव्हाही कळत होतं.

एका वर्षी मात्र त्या सह्यांच्या खाली शाळेच्या शिपाईमामांच्या वळणदार अक्षरात एक ओळ सापडली : ‘पान 14वरची विहिरीची गोष्ट खरी आहे का?’ गोष्ट माझी होती. विहीर खरी होती, गोष्ट बनवलेली. त्यानंतर पुष्कळ छापून आलं, पण तो प्रश्न मी अजून विसरलो नाही. लिहायला लागलेली आणि ‘कोणी वाचतच नाही हो’ म्हणून हिरमुसलेली मुलं-माणसं भेटली की मला ती कोरी पानं आठवतात. मराठीत थोड्या प्रतींचं आणि एखाददुसऱ्या उत्तराचं एक जुनं घराणं आहे. ही मंडळी त्याच घराण्यातली, फक्त त्यांना मूळपुरुष ठाऊक नाही.

मूळपुरुष म्हणजे अर्थात बाळशास्त्री जांभेकर. 6 जानेवारी 1832ला मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला, तेव्हा बाळशास्त्री विशीतले होते. एका बाजूला मराठी, एका बाजूला इंग्रजी असे रकाने. आधी पाक्षिक, मग काही महिन्यांत साप्ताहिक. वर्गणी तिमाही 6 रुपये, त्या काळात ही रक्कम किरकोळ नव्हती. वर्गणीदार सुमारे तीनशे सांगतात. आपण ज्यांच्या नावाने दर जानेवारीत पत्रकार दिन साजरा करतो, त्यांचा वाचकवर्ग एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसला असता. 1840मध्ये ‘दर्पण’ थांबलं. पण वर्तमानपत्र म्हणजे काय, ते वर्गणी भरून का घ्यायचं, हेच ज्या समाजाला माहीत नव्हतं, त्याच्यासाठी आठ वर्षं अंक काढत राहणं हा माझ्या मते आकड्यात न मावणारा पराक्रम होता.

या घराण्यातली माझ्या मनाला सगळ्यात चटका लावणारी प्रत मात्र बुलढाण्याची आहे. 1882मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. किंमत 9 आणे, प्रती 500. आदल्या वर्षी सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला होता आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून तमाम बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं चाललं होतं. ताराबाईंनी उत्तर दिलं, आणि ते असं की नीतीचा सगळा हिशेब पुरुषांच्या अंगावर उलटवला. भाषा घरातली, भांडणातली, म्हणी-वाक्प्रचारांनी ठासून भरलेली. त्या काळच्या छापील मराठीत बाईचा असा आवाज नव्हता.

मग काय झालं? कुचेष्टा झाली, सत्यशोधक मंडळींतल्या काहींनीसुद्धा नाकं मुरडली. जाहीरपणे पाठीशी उभे राहिले ते जोतीराव फुले. 1885 साली ‘सत्सार’च्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि आपल्याच माणसांना सुनावलं. फुल्यांसारखा वाचक मिळणं ही काही साधी गोष्ट नाही. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. त्यांचं ते एकच पुस्तक विस्मरणात गेलं, ते थेट 1975मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापून आणेपर्यंत. मध्ये त्र्याण्णव वर्षं गेली. उत्तर आलं की लेखक लिहितोच असा नियम असता तर किती बरं झालं असतं. तसा तो नाही, आणि नवख्यांना धीर देताना ही गोष्ट लपवू नये.

‘स्त्रीपुरुष तुलना’च्या आठ वर्षं आधी, जानेवारी 1874मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली होती. मासिक म्हणावं तर लेखक एकच. तेव्हा ते सरकारी शाळेत मास्तर होते, वय तेवीस. पुढे बदली रत्नागिरीला झाली, तरी माला चालू राहिली. एकूण 84 अंक निघाले. अंक उशिरा निघायचे, पण संख्या पुरी केली. (याच मालेत त्यांनी फुल्यांच्या पुस्तकांची जी टवाळी केली आहे ती आज वाचवत नाही. घराण्यातले सगळेच पूर्वज पाया पडण्याजोगे नसतात.) एकट्याने एक पत्र महिनोन्‌महिने लिहीत राहायचं आणि त्यातून आपला आवाज घडवायचा, हा प्रकार मराठीत रुजवला तो मालाकारांनी.

कवींची वाट आणखी अरुंद होती. 1887मध्ये जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ काढलं. नुसत्या कवितेचं मासिक, तेही पुण्या-मुंबईत नव्हे, खानदेशात! हा धंदा म्हणून केला असेल असं कोणी म्हणणार नाही. त्या काळात कविता लिहिणारे मास्तर, कारकून, मामलेदार गावोगाव विखुरलेले होते आणि एकमेकांना ओळखत नव्हते. या मासिकाने त्यांना एकमेकांचे वाचक करून दिलं. याच जळगावात 1907 साली कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणायला उभा राहिला आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ केलं.

केशवसुतांच्या नशिबी असं संमेलन आलं नाही. मास्तरकी करत गावं बदलली, कविता मासिकांतून सुट्या सुट्या येत राहिल्या. 1905च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले तेव्हा वय 39, आणि नावावर एकही पुस्तक नव्हतं. संग्रह निघाला तो दहा-अकरा वर्षांनी, हरि नारायण आपट्यांनी काढला म्हणून. सगळ्या मिळून सव्वाशे-दीडशेच्या आत कविता. आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणून आपण ज्यांना परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो, त्यांनी आपलं पुस्तक हातात धरून पाहिलं नाही.

दुर्लक्षाचेही दोन प्रकार असतात. एक, कोणाला पत्ताच नसतो. दुसरं, पत्ता असतो आणि ठरवून तोंड फिरवलं जातं. 31 जानेवारी 1920ला ‘मूकनायक’ निघालं तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांच्या वाट्याला दुसरं आलं. ‘केसरी’ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला नकार दिला होता. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून पत्राला हातपाय मिळाले. पुढे 1927मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढलं, तेव्हा अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना एकहाती भरून काढावे लागत. ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख होऊ दिलेली नव्हती. म्हणजे एकाने वाचायचं आणि दहांनी भोवती बसून ऐकायचं. त्या वाचनाचा आकडा कुठल्या वहीत धरणार?

आणि छापखानाच नसला तर? तर साने गुरुजी. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. दैनिक, हे लक्षात घ्या. दिवसभर शिकवायचं, मुलांच्या खोल्या झाडायच्या आणि वर उद्याचा अंक लिहायचा. वाचक किती, तर एका वसतिगृहात मावतील तितके. ‘श्यामची आई’ पुढे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच रात्रींत लिहून झाली याचं आपल्याला नवल वाटतं. मला वाटत नाही. समोर बसलेल्या पोरांशी रोज बोलायची सवय त्या हाताला अमळनेरात लागलेली होती.

बहिणाबाईंच्या हाताला तर लेखणीचीही सवय नव्हती. जात्यावर, शेतात म्हटलेलं मुलाने, सोपानदेवांनी, आणि एका नातलगाने उतरवून ठेवलं. 3 डिसेंबर 1951ला त्या गेल्या, 1952ला आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक आलं. हयातीत छापील पुस्तकाची एकही प्रत नाही. श्रोता मात्र घरातच होता.

पन्नासच्या दशकात या घराण्यात एक यंत्र आलं : सायक्लोस्टाइल. आजच्या पोरांनी ते पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. स्टेन्सिल म्हणजे मेण चढवलेला झिरझिरीत कागद. टाइपरायटरची रिबिन बाजूला सारून त्यावर टंकायचं, म्हणजे खिळ्याच्या घावाने मेण कापलं जाई. देवनागरी टाइपरायटर सगळ्यांकडे कुठला असायला? मग खरखरीत पत्र्यावर स्टेन्सिल अंथरून टोकदार लेखणीने हाताने लिहायचं. जोर जास्त पडला की ‘ठ’ आणि ‘ढ’चं पोट फाटून गळून पडे. चूक झाली की नेलपॉलिशसारखं लाल द्रव लावायचं, फुंकर मारायची, वाळलं की त्यावर पुन्हा लिहायचं. मग स्टेन्सिल रुळावर चढवून मूठ फिरवायची. कापलेल्या रेषांतून शाई कागदावर उतरे. काहीशे प्रती निघेपर्यंत स्टेन्सिल सुरकुते, अक्षर फुगे, आणि शर्टाच्या बाह्या काळ्या होत. शेवटी पानं जुळवायची, पिना मारायच्या, आणि अंक ओळखीच्यांच्या हातात कोंबायचे.

1955च्या सुमाराला दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि मित्रांनी ‘शब्द’ काढलं ते अशा यंत्रावर. मग साठच्या दशकात रांगच लागली : ‘अथर्व’, ‘असो’, ‘फक्त’, ‘भारुड’, ‘येरू’, ‘वाचा’. यांना अनियतकालिकं म्हणत. पुढचा अंक कधी, हे काढणाऱ्यालाही ठाऊक नसे, आणि ही अडचण त्यांनी नावातच मिरवली. प्रस्थापित मासिकांत जागा नाही, किंवा असली तरी त्यांच्या अटींवर नको, असा तो पवित्रा होता. 1969मध्ये तर ‘सत्यकथे’चा अंक जाळण्यापर्यंत मजल गेली. खरं तर याच ‘सत्यकथे’चे संपादक नवख्या लेखकाला लांबलचक पत्रं धाडून कथा पुन्हा पुन्हा लिहायला लावत, आणि त्या पत्रांवर मराठी कथेची एक अख्खी पिढी पोसली. जाळणारेही बरोबर होते आणि पत्रं लिहिणारेही, असं माझं आता मत झालं आहे. विशीत नव्हतं.

कोलटकरांचं पहिलं मराठी पुस्तक ‘अरुण कोलटकरच्या कविता’ 1977 साली आलं, म्हणजे पंचेचाळिशीच्या आसपास. ते काढलं अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने, त्याच अनियतकालिकांच्या गोतावळ्यातल्या माणसाने. ‘शब्द’पासून तिथपर्यंत वीसेक वर्षं त्यांच्या मराठी कवितांना मित्रांपलीकडे फार वाचक नव्हते.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. सायक्लोस्टाइलवर निघालेलं बहुतेक लिखाण सामान्य होतं आणि विसरलं गेलं ते योग्यच झालं. वाचक थोडे म्हणजे लेखक थोर, असा उलटा हिशेब मांडू नये. थोड्या प्रती कुणाच्या गुणवत्तेचा दाखला देत नाहीत, आणि तिचा पंचनामाही करत नाहीत.

पण वर ज्यांची नावं घेतली त्यांच्याकडे पाहिलं की बहुतेकांच्या मागे एक-एक माणूस दिसतो. केशवसुतांना आपटे, बहिणाबाईंना सोपानदेव, कोलटकरांना शहाणे, ठोंबऱ्यांच्या पोराला जळगावचं संमेलन. या माणसाने वाचलं आणि वाचल्याचं कळवलं, उतरवून घेतलं, छापलं. गर्दी आली असेल तर ती नंतर.

छापील मासिकांच्या काळात हे कळवणं पोस्टकार्डावर व्हायचं. पंधरा पैशांचं पिवळं कार्ड, त्यावर ‘आपली अमुक अंकातील कथा वाचली’ अशी सुरुवात, आणि जागा संपली की पत्त्याच्या बाजूला घुसलेल्या बारीक ओळी. संपादकाच्या पत्त्यावर आलेलं ते कार्ड महिन्याभराने लेखकाला मिळे. बाकी हजारो लोकांनी पान उलटलं की वाचलं, हे कळायची सोय नव्हती, आणि मला ती गैरसोय फार दयाळू वाटते. आज लिहिणाऱ्याला रात्री अकराला पडद्यावर ‘7’ दिसतो, सकाळीही ‘7’च असतो, आणि त्यांतले दोन त्याचे स्वतःचे असतात. बाळशास्त्र्यांना वर्गणीदार मोजता येत होते, पण एक अंक किती घरांत फिरला हे त्यांना दिसत नव्हतं. कमी दिसलं म्हणून त्यांना निदान रोज रोज खिन्न व्हायची पाळी आली नाही.

पोस्टकार्डं गेली. कळवणं सोपं झालं आणि आपण कळवेनासे झालो. आपण अंगठा दाखवतो, म्हणजे पुन्हा ‘उपक्रम स्तुत्य आहे’ आणि खाली सही. म्हणून लिहिणाऱ्याला काही सांगण्याऐवजी वाचणाऱ्याला सांगतो. गेल्या आठवड्यात तुम्ही एखाद्या अनोळखी, नव्या माणसाचं काहीतरी वाचलं असेल आणि त्यातलं एखादं वाक्य डोक्यात राहिलं असेल, तर आज त्याला दोन ओळी लिहा. कौतुक नको. कुठलं वाक्य, तेवढं सांगा. आणि काही सुचलंच नाही, तर गोष्ट खरी आहे का ते विचारा.