इंजिन चालूच होतं!

मॉरिसव्हिलचा एव्हिएशन पार्कवे आपल्याला विमानांपेक्षा तिथल्या हिंदू भवनामुळे जास्त ओळखीचा. पार्किंग शोधताना डोक्यावरून विमान गेलं तर आपली मुलंसुद्धा आता मान वर करत नाहीत. पण मंडळी, याच परिसरात सात वर्षांच्या आत दोन लहान प्रवासी विमानं कोसळली होती. आपल्यापैकी बरेचजण इथे आले त्याआधीची ही गोष्ट.

१९ फेब्रुवारी १९८८ च्या रात्री एव्हएअर कंपनीचं रिचमंडला निघालेलं मेट्रो जातीचं विमान राले-डरहॅमहून उडालं आणि लगेचच विमानतळाजवळ कोसळलं. बाराही जण गेले. इंजिनं ठीक होती. स्टॉलची सूचना देणाऱ्या यंत्रणेत काही बिघाड आहे असं वैमानिकांना वाटलं आणि त्या गडबडीत उड्डाणमार्गावरचं लक्ष सुटलं, असा राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष होता. फ्लाइट क्रमांक होता ३३७८.

पुढची दुर्घटना ३३७९ ची! तारीख १३ डिसेंबर १९९४. ग्रीन्सबरोहून आलेलं अमेरिकन ईगलचं १९ आसनी जेटस्ट्रीम, आत एकूण वीस माणसं. संध्याकाळी साडेसहाची वेळ, अंधार, पाऊस, धुकं. धावपट्टी जेमतेम चार मैलांवर असताना डाव्या इंजिनाचा इग्निशनचा दिवा लागला. इंजिन बंद पडलं, असं कॅप्टनने गृहीत धरलं. उतरणं रद्द करून परत वर जायचं ठरलं. अशा वेळी करायच्या क्रमवार कृती मात्र झाल्या नाहीत. वेग घटला, विमान स्टॉल झालं आणि मॉरिसव्हिलजवळच्या झाडीत पडलं. पंधरा दगावले, पाच वाचले.

तपासात निघालं की दोन्ही इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. पंख्यांचा वेग वाढवताना, पॉवर अगदी कमी असेल, तर क्षणभर उलटा टॉर्क येतो आणि तो दिवा लागू शकतो. बस्स, एवढंच. आमच्या धंद्यात अॅलर्ट वाजला की आधी लॉग बघा, मग रीस्टार्ट करा, असं नवीन पोरांना शिकवतो. पण आमच्याकडे चहा घेत विचार करायला वेळ असतो. त्या कॅप्टनकडे दिवा लागल्यापासून मिनिटभराच्या आतबाहेर वेळ होता. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ तर वैमानिकांनी बिघडलेलं सोडून चांगलंच इंजिन बंद केलं; ४७ प्रवासी दगावले.

खरं इंजिन निकामी झाल्याची आठवण मुंबईकरांना असेल. १२ ऑक्टोबर १९७६ ला सांताक्रूझहून मद्रासला उडालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅरावेलचं इंजिन फुटलं, आग लागली, आणि परत फिरून उतरण्याच्या प्रयत्नात ९५ जणांचा अंत झाला. तिथे वैमानिकाच्या हाती फारसं काही उरलंच नव्हतं. म्हणूनच मला मॉरिसव्हिलची घटना जास्त चटका लावते.

आणि सगळा दोष त्या एका माणसावर टाकणं मला पटत नाही. मंडळानेही टाकला नाही. वैमानिकांच्या कामगिरीतल्या आणि प्रशिक्षणातल्या उणिवा कंपनीने ओळखल्या नाहीत, दुरुस्त केल्या नाहीत, असा ठपका अहवालात आहे. कॅप्टनच्या आधीच्या नोकरीतले प्रतिकूल शेरे नव्या कंपनीपर्यंत पोचलेच नव्हते. आपल्या एच-वनच्या कागदपत्रांत जुन्या कंपनीची पत्रं मागतात, आणि वीस जणांचे जीव हाती देताना कोणी मागत नव्हतं! ८८ च्या अपघातातही सहवैमानिकाच्या अडचणींची नोंद असून कंपनी हलली नव्हती.

९४ नंतर मात्र काँग्रेस हलली. १९९६ च्या कायद्याने नेमणुकीपूर्वी वैमानिकाच्या मागच्या पाच वर्षांच्या नोंदी मागवणं सक्तीचं झालं. तरी फट राहिलीच. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडून ५० जण गेले, तेव्हा कॅप्टनच्या जुन्या नापास चाचण्या कंपनीला पूर्णपणे ठाऊक नव्हत्या असं पुढे आलं. २०१० मध्ये काँग्रेसने सगळ्या नोंदींचा एकत्रित डेटाबेस करण्याचा आदेश दिला. त्याचा अंतिम नियम निघाला २०२१ मध्ये. आमच्या क्षेत्रात असा प्रोजेक्ट अकरा वर्षं लांबला असता, तर क्लायंटने केव्हाच हाकललं असतं.