शेजारी म्हणजे नक्की कोण?

मागच्या आठवड्यात हापिसात एक किरकोळ वाटणारं काम आलं. उपग्रहाच्या चित्रावरून बनवलेला जंगलाचा नकाशा, बुद्धिबळाच्या पटासारखा चौकोनांचा. जंगल असेल तिथे १, नसेल तिथे ०. यात जंगलाचे सलग तुकडे किती, एवढंच मोजायचं होतं. मॅटलॅबमध्ये मोजलं. मग उगाच खात्री करावी म्हणून जीडाल या फुकट मिळणाऱ्या लायब्ररीत मोजलं. दोन उत्तरं वेगळी, आणि चांगलीच वेगळी! नेहमीप्रमाणे आधी स्वतःवरच संशय घेतला. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं की बग नाहीच. मॅटलॅबचं बीडब्ल्यूलेबल हे फंक्शन, आपण काही सांगितलं नाही तर, प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी आहेत असं धरतं. जीडालचं पॉलिगनाइझ चार धरतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

बुद्धिबळाच्या भाषेत सांगायचं तर एकाचा शेजार राजाचा, आठी दिशांना एक घर. दुसऱ्याचा हत्तीचा, फक्त उभं-आडवं. तिरके, कोपऱ्याला कोपरा लागलेले दोन चौकोन शेजारी मानायचे की नाही, एवढाच प्रश्न. विकांताला त्याच्या मागे लागलो आणि थेट १९५७ सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन करून संगणकात घातला. १७६ गुणिले १७६, म्हणजे ३०,९७६ चौकोन. आजच्या मोबाइलच्या मानाने काहीच नाही, पण डिजिटल चित्रांची गोष्ट इथून सुरू होते. आणि अडचणही इथूनच. माणसाला बाळाचा चेहरा एका नजरेत दिसतो. संगणकाला एका वेळी एक चौकोन दिसतो. यातले कुठले चौकोन मिळून एक वस्तू होते, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, पेंटमधल्या रंगाच्या बादलीसारखं करायचं. एका चौकोनात रंग ओता, शेजाऱ्यांत पसरू द्या. बरोबर, पण ही बादली चित्रभर कशीही उड्या मारते, म्हणजे सगळं चित्र एकदम मेमरीत हवं. त्या काळच्या मशीनना ते परवडणारं नव्हतं.

१९६६ साली मेरीलँड विद्यापीठातले एझ्रिएल रोझेनफेल्ड आणि त्यांचे विद्यार्थी जॉन फाल्ट्झ यांनी यावर उपाय मांडला. चित्र पुस्तकासारखं वाचायचं, डावीकडून उजवीकडे, ओळीमागून ओळ. जंगलाचा चौकोन आला की फक्त आधी वाचलेले शेजारी बघायचे. त्यांच्यात कोणी जंगल नसेल तर नवा नंबर द्या. असेल तर त्याचाच नंबर द्या. दोन शेजाऱ्यांचे नंबर वेगळे निघाले तर? समजा जंगल घोड्याच्या नालाच्या आकाराचं आहे, तोंड वर. दोन बाहूंना ५ आणि ८ असे नंबर मिळाले, आणि खाली आल्यावर कळलं की अरे, हे तर एकच! मग एका तक्त्यात लिहून ठेवायचं, '५ आणि ८ एकच'. दुसऱ्या फेरीत तक्ता बघून सगळे नंबर दुरुस्त करायचे. दोन फेऱ्यांत काम फत्ते.

तक्ता सांभाळायची युक्ती दोनच वर्षं आधी, १९६४ साली, बर्नार्ड गॅलर आणि मायकेल फिशर यांनी छापली होती. आपण कॉलेजात युनियन-फाइंड म्हणून घोकलेली हीच ती. कल्पना अगदी आपल्या लग्नघरातली आहे. दोन पाहुणे भेटतात, तुमचे आजोबा कोण, त्यांचे वडील कोण असं मागे मागे जातात, आणि मूळपुरुष एकच निघाला तर घराणं एकच.

इथपर्यंत सगळं इंजिनिअरिंग. पण रोझेनफेल्ड गणिती होते (आणि रीतसर दीक्षा घेतलेले ज्यू धर्मगुरूही!). १९७० साली त्यांनी मूळ प्रश्नाला हात घातला. हा नकाशा बघा. काळं म्हणजे जमीन, पांढरं म्हणजे पाणी, आणि बाहेर सगळीकडे पाणीच:

□□□□□
□□■□□
□■□■□
□□■□□
□□□□□

आता जमीन आणि पाणी, दोघांनाही हत्तीचा नियम लावा. जमिनीचे चार सुटे तुकडे झाले, म्हणजे भिंत नाही. तरी मधलं पाणी बाहेरच्या पाण्याला मिळत नाही. भिंत नसताना तळं अडलंय! बरं, दोघांना राजाचा नियम लावा. जमिनीचं पूर्ण कडं झालं, पण मधलं पाणी कोपऱ्यांतून आरामात बाहेर जातं. कडं बंद असून गळतंय! बंद रेषेचे आत आणि बाहेर असे दोनच भाग होतात, हा कामीय जॉर्दान यांचा १८८७ सालचा सिद्धांत इथे चक्क कोलमडतो. रोझेनफेल्ड यांनी दाखवलेला मार्ग असा की दोघांना एकच नियम लावू नका. जमिनीला आठ शेजारी दिलेत तर पाण्याला चार द्या, किंवा उलटं करा. म्हणजे कोपऱ्यातली वाट कोणा एकालाच मिळते. कोणाला, ते गणित सांगत नाही. ते तुम्ही ठरवायचं.

या निवडीने किती फरक पडावा? १९७६ साली जोसेफ होशेन आणि राऊल कोपेलमन यांनी पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नासाठी अशीच नंबर देण्याची पद्धत काढली. प्रश्न असा, की अफाट मोठ्या पटावर चौकोन कसेही विखरून भरत गेलो तर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सलग वाट कधी तयार होते? आज माहीत असलेली उत्तरं अशी: हत्तीच्या नियमाने सुमारे ५९.३ टक्के चौकोन भरल्यावर, राजाच्या नियमाने सुमारे ४०.७ टक्क्यांवर. बेरीज बरोबर १००! हा योगायोग नाही. एकाची वाट जोडली गेली की दुसऱ्याची तुटते, रोझेनफेल्ड यांचंच म्हणणं पुन्हा. आता जंगल निम्म्या चौकोनांत असेल तर? एका नियमाने ते एकसंध, दुसऱ्याने तुकडे तुकडे. खरं जंगल असं यदृच्छेने विखुरलेलं नसतं हे मान्य, पण धोका कळला.

हे नकाशांत कसं शिरलं? १९७२ साली पहिला लँडसॅट उडाला आणि जमिनीची चौकोनी चित्रं ढिगाने येऊ लागली. १९८२ पासून अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत ग्रास हे नकाशांचं सॉफ्टवेअर बनू लागलं. त्यात सलग तुकडे शोधणारी आर.क्लम्प ही आज्ञा आहे. तिला वेगळं सांगितल्याशिवाय ती तिरके शेजारी मोजत नाही.

आता आपल्याकडे या. नागपूरच्या वर पेंचच्या जंगलातून राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो. समजा ३० मीटरच्या चौकोनांच्या नकाशात असा एखादा रस्ता एका चौकोनाच्या रुंदीचा, तिरका आला. जंगलाला आठ शेजारी दिले तर दोन्ही बाजूंची झाडं कोपऱ्यांतून हातमिळवणी करतात. जंगल एक, आणि रस्ता तुटक! पण ट्रक तर सलग धावतायत. म्हणजे इथे रस्त्याला आठ आणि जंगलाला चार हवेत. जंगल दोन. तरी गोष्ट संपत नाही. पेंचमध्ये त्या महामार्गाखाली जनावरांसाठी वाटा बांधल्या आहेत आणि त्यांतून जाणारे वाघ कॅमेऱ्यांत टिपले गेलेत. म्हणजे जंगल पुन्हा जोडलेलं, आणि ती वाट उपग्रहाला वरून दिसत नाही.

सोमवारी दोन्ही आकडे पाठवले. शेजारी कुठला नियम, तेही लिहिलं. उलट टपाली प्रश्न आला, "यातला बरोबर कुठला?" मी लिहिलं, "नकाशात कुठली जनावरं आहेत, ते आधी सांगा." उत्तर अजून यायचंय :)